थंडी वाजली ११.४५ ला

ठिबकवर शेती करणाऱ्याला एक खोड लागते, वेळ लिहून ठेवायची. कोणता व्हॉल्व्ह किती वाजता सोडला, किती वाजता बंद केला, खत कधी दिलं, फिल्टर कधी धुतला. माझ्याकडे अशा वह्यांचा गठ्ठाच आहे. घरात त्यावरून थट्टा होते. बायको म्हणते, लग्नाची तारीख विसराल, पण तीन नंबरच्या व्हॉल्व्हची वेळ नाही विसरणार.

गेल्या उन्हाळ्यातल्या वहीत केळीच्या नोंदींमध्ये अधूनमधून माझ्या स्वतःच्याही नोंदी आहेत. त्यातली एक जशीच्या तशी देतो: "११.१० पोर्ट धुतला. ११.४५ थंडी. १.०० ताप १०३. ४.०० घाम, मोकळा." आणि खाली त्याच पेनाने: "व्हॉल्व्ह २ गळतोय, वॉशर आणणे."

आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीच्या काठाला. जानेवारीत माझं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण आजूबाजूच्या लसिका ग्रंथींमध्ये आजार पोचलेला होता, म्हणून बारा कीमो ठरल्या, दर पंधरा दिवसांनी एक. त्या आजाराबद्दल इथे लिहीत नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि माझं त्यात काही वेगळं नाही. वेगळं झालं ते पोर्टचं.

पोर्ट म्हणजे सुपारीपेक्षा थोडी मोठी डबी. उजव्या कॉलरबोनच्या खाली, कातडीच्या आत बसवतात. डबीला वरून सिलिकॉनचा पडदा, आणि बाजूने निघालेली बारीक नळी मोठ्या शिरेतून पार हृदयाच्या तोंडाशी जाऊन उघडते. कीमोची औषधं हाताच्या बारक्या शिरा जाळतात. इथे रक्ताचा लोंढा मोठा, औषध पडलं की लगेच पातळ होतं. टोचायची सुईही वेगळी असते, हुबर सुई म्हणतात. तिचं टोक असं घडवलेलं असतं की पडद्याचा तुकडा कापून येत नाही, सुई काढली की भोक आपोआप मिटतं. डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे सबमेनला टॅप मारून व्हेंच्युरी बसवली." ते हसले. ठिबकच्या मोठ्या नळीत खत ओढून सोडणारी ती जोडणी असते, त्यांना कळलं नसावं.

माझ्या कीमोची गंमत अशी होती की ती दवाखान्यात संपायची नाही. सकाळी जळगावला जायचं, चार-पाच तास सलाइनमधून औषधं, आणि मग कमरेला एक बाटली बांधून घरी. बाटलीत रबरी फुगा. तो आकसतो तसं औषध थेंबथेंब आत जातं. वीज नाही, मोटर नाही. छेचाळीस तास चालतं. तेवढा वेळ सुई छातीत, वर पारदर्शक पट्टी. तिसऱ्या दिवशी पुन्हा जळगावला जाऊन सुई काढायची. सिस्टर बजावायच्या की बाटलीला ऊन लागू देऊ नका, गरमीत ती लवकर रिकामी होते, आणि सुईच्या जागेला पाण्याचा थेंब लागता कामा नये. सुई नसताना पोहा, डुंबा, हरकत नाही, पण सुई असताना नाही.

दुसरी गंमत ऑक्सॅलिप्लॅटिनची. ते औषध घेतल्यावर काही दिवस थंड वस्तूला हात लागला की करंट बसतो. घशाखाली थंड पाणी गेलं की वाटतं श्वास अडकला. आता जळगाव जिल्हा, एप्रिल-मे, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस, अंगणात माठ पाझरतोय, आणि मी कोमट पाणी पितोय. कूलरचा झोत तोंडावर आला तरी बोटांना मुंग्या यायला लागायच्या. सगळं घर कूलरपुढे, मी एकटा मागच्या खोलीत पंख्याखाली.

पाचवी कीमो आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आसपास आली. बहीण माहेरी आलेली, निंबाला झोका बांधलेला, घरात पुरणाचा वास. मला तो वास नको झालेला. आमच्याकडे आखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल संपतं. जुना हिशेब करून गेला होता, नवा अजून ठरला नव्हता, आणि केळीला पाणी तर रोज पाहिजे. त्या उन्हात एक पाळी चुकली की पानं अशी उतरतात की बघवत नाही. बाटली कमरेला होती, दुसरा दिवस. बायकोला म्हटलं, ओट्यावर बसतो, आणि गाडीला किक मारून मळ्यात गेलो.

गेज बघितला तर फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे दाबात बराच फरक. म्हणजे जाळी तुंबली. असं झालं की मोटर बंद करायची, दाब सोडायचा, मग झाकण उघडायचं. हे मी शंभर जणांना शिकवलंय. त्या दिवशी दाब सोडला नाही. झाकणाचा क्लॅम्प सुटला आणि गढूळ पाण्याचा फवारा सरळ छातीवर. बोअरचं पाणी, कोमट, म्हणून करंट वगैरे काही बसला नाही. उलट बरं वाटलं. शर्ट काढून पिळला, रुमालाने छाती पुसली. पट्टीचा खालचा कोपरा सुटला होता, आत ओल दिसत होती. अंगठ्याने दाबून बसवला. घरी येईपर्यंत सगळं वाळलं. कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुई काढताना सिस्टरने विचारलं, "पट्टी भिजली होती का?"

"घाम," मी म्हटलं.

सहाव्या कीमोला गेलो. सुई टोचली, सलाइनने पोर्ट धुतला, उलटीचं इंजेक्शन दिलं. कीमोचं औषध अजून लावायचं होतं. पाऊण तास झाला नसेल तोवर पाठीच्या मणक्यातून काहीतरी सरकलं आणि दात वाजायला लागले. ताप येताना अंगावर काटा येतो, तसलं हे नव्हतं. पलंगाचा दांडा माझ्याबरोबर वाजत होता. ओठ निळे पडले. दोन ब्लँकेट, त्यावर शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकाची चादर, तरी कमी. बायको पायाशी बसून तळवे चोळत होती आणि तिच्या कपाळावरून घाम गळत होता. मग ताप चढला, आणि संध्याकाळी दरदरून घाम येऊन असा उतरला की मी खिचडी मागितली.

कीमोत ताप म्हटलं की पहिली धास्ती पांढऱ्या पेशींची. त्या ठीक निघाल्या. मलेरिया नाही. टायफॉइडची विडाल टेस्ट आमच्याकडे कुणाचीही केली तरी थोडीफार येतेच, माझीही आली. दोन दिवस ठेवून अँटिबायोटिक दिलं. ताप आलाच नाही. सहावी कीमो आठवडाभर पुढे ढकलली.

आठवड्याने गेलो. सुई, सलाइन, थंडी. या वेळी चाळीस मिनिटांनी. आता त्यांनी पोर्टमधून रक्त काढून कल्चरला पाठवलं, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते बघायला. चौथ्या दिवशी रिपोर्ट आला: डिप्थेरॉइड्स, बहुधा कंटॅमिनेशन. म्हणजे काय ते मी नंतर शिकलो. आपल्या कातडीवर निरुपद्रवी जंतू असतात, रक्त घेताना ते बाटलीत जाऊ शकतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तशाच काड्या दिसल्या तर लॅबवाले असं लिहितात. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. एकच बाटली पाठवली की ठरवणार तरी कशावरून. मला आता त्यांचा राग नाही. थोडा आहे.

मधल्या दिवसांत मी ठणठणीत. जेवत होतो, मळ्यात चक्कर मारत होतो, नव्या सालदाराशी भांडत होतो. त्यामुळे गावात एक मत पडलं की ही दवाखान्याची भीती आहे, सुई बघितली की माणूस थरथरतो. माझा चुलता म्हणाला, बैल पण डॉक्टरला ओळखतो.

तिसऱ्या वेळी कीमो नव्हतीच. पोर्ट तुंबू नये म्हणून नुसता धुवायचा आणि रक्त गोठू न देणारं हेपरिन भरून बंद करायचा, एवढंच काम. १२.०५ ला झालं. लगेच निघालो, पुतण्या गाडी चालवत होता. विदगावच्या पुलावर आलो आणि दात वाजायला लागले. घड्याळ बघितलं, १२.४०. खाली तापीचं पात्र, दुपारचं ऊन पांढरं फटक. मी काचा वर करायला लावल्या, एसी बंद करायला लावला. पुतण्याच्या बनियनमधून घाम ठिबकत होता, बिचारा एक शब्द बोलला नाही. घरी पोचलो, गोधडीत शिरलो. माय उंबऱ्यात उभी राहून बघत होती. "एवढा उन्हायामा गोधडी? काय व्हयनं रे तुले?" मग तिने आणखी एक गोधडी आणून टाकली.

त्या रात्री ताप उतरल्यावर वही घेतली आणि तिन्ही वेळा एकाखाली एक लिहिल्या. पस्तीस मिनिटं. चाळीस. पस्तीस. एकदा कीमोच्या औषधाआधी, एकदा कीमोच्या दिवशी, एकदा कीमो नसताना. सारखी गोष्ट एकच, पोर्टमध्ये पाणी सोडलं.

ठिबकवाल्याला हे बघून जे वाटेल तेच मला वाटलं. बंद पडलेली लाइन पहिल्यांदा सोडली की शेवटच्या ड्रिपरमधून आधी काय येतं? शेवाळ, चिकट गाळ. नळीत काहीतरी बसलंय आणि धुतलं की ते रक्तात जातंय.

जळगावच्या दवाखान्यात हे सांगितलं तर तिथल्या तरुण डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा रक्ताच्या त्याच तपासण्या लिहिल्या. मग बहिणीच्या ओळखीने नाशिकला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी माझी वही मागून घेतली, दोनदा वाचली. केळीच्या नोंदीही वाचल्या. बहुतेक विरंगुळा म्हणून असेल. मग म्हणाले, "पोर्ट धुतल्यावर तासाच्या आत हुडहुडी, ही पोर्टच्याच संसर्गाची खूण असते. वरून जागा लाल झाली, सुजली असं काही असायलाच पाहिजे असं नाही. सुई आत असताना तिथे कधी पाणी लागलं होतं का?"

बायको शेजारी बसली होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग फिल्टरचं सगळं सांगितलं. ती काहीच बोलली नाही. पण कॅबिनमधून बाहेर पडल्यावर नाशिक ते चोपडा अख्ख्या रस्त्यात दोन वाक्यं बोलली असेल. त्यातलं एक "पुढे स्पीड ब्रेकर आहे" हे होतं.

आता तपासणी नीट झाली. एकाच वेळी दोन ठिकाणाहून रक्त, पोर्टमधून आणि दंडाच्या शिरेतून, दोन्हीकडे सारखंच. बाटल्या यंत्रात ठेवतात. जंतू वाढले की यंत्र आवाज करतं आणि वेळ नोंदवतं. पोर्टमधल्या रक्ताची बाटली हातातल्या रक्ताच्या बाटलीपेक्षा दोन तास किंवा जास्त आधी वाजली, तर जंतूंचं घर पोर्ट समजायचं. म्हणजे तेही वेळच लिहितात! माझी पोर्टची बाटली तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वाजली, हाताची नऊ तासांनी. दोन्हीत तेच. त्यामुळे कंटॅमिनेशन म्हणायला जागा उरली नाही.

काचेवर घेतल्यावर पुन्हा तशाच फिकट काड्या, मणी ओवल्यासारख्या. पण तिथल्या लॅबच्या मॅडमना ते खटकलं. त्यांनी दुसरा रंग करून बघितला, टीबीच्या जंतूसाठी करतात तो. काड्या लालभडक उठल्या. अंतरिम रिपोर्ट मोबाइलवर आला, त्यात मोठ्या अक्षरांत "एएफबी पॉझिटिव्ह".

इथे पुतण्याने घोळ केला. रिपोर्टचा फोटो घराच्या ग्रुपवर टाकला. पंधरा मिनिटांत नंदुरबारची मावशी, धुळ्याचे मेहुणे, सुरतचा साडू, सगळ्यांना कळलं की मला टीबी झाला. कुणी म्हणे डॉट्सच्या गोळ्या आजच सुरू करा. कुणी म्हणे लहान मुलांना त्यांच्याजवळ जाऊ देऊ नका. संध्याकाळी पाणी मागितलं तर आलेल्या स्टीलच्या ग्लासाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. बायकोने माझा ग्लास वेगळा केला होता. तिला दोष देत नाही. तिच्या काकाला टीबी झाला होता, आणि तेव्हा घरात काय काय झालं ते तिने लहानपणी बघितलंय.

दुसऱ्या दिवशी नाशिकच्या मॅडमशी फोनवर बोललो. त्या म्हणाल्या, "टीबी नाही. टीबीच्या कुळातला आहे, लांबचा चुलतभाऊ म्हणा." त्या कुळातल्या सगळ्यांच्या अंगावर मेणासारखं आवरण असतं, म्हणून तो लाल रंग आम्लाने धुतला तरी सुटत नाही, एएफबीचा अर्थ तेवढाच. टीबीचा जंतू वाढायला आठवडे घेतो, हा तीन दिवसांत हजर. टीबीची सीबीनॅट तपासणी केली होती, ती निगेटिव्ह. नाव पक्कं करायला नमुना मुंबईला गेला. तिथे एक यंत्र जंतूंवर लेसर मारून त्यांच्या प्रथिनांच्या वजनावरून ओळख पटवतं. नाव आलं: मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम. हा पाण्यात, मातीत, नळांच्या आतल्या शेवाळात राहतो. माणसाकडून माणसाला लागत नाही. आणि टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांना तो भीक घालत नाही, म्हणजे ग्रुपवरचा सल्ला ऐकला असता तर महिनोन्महिने गोळ्या खाऊन हातात काही नाही.

पुढे नाशिकला गेलो तेव्हा मॅडमना म्हटलं, मला बघायचाय तो. त्यांनी बंद ताटली काचेपलीकडून दाखवली. दुधाच्या सायीसारखे बारीक ठिपके. हा शत्रू! मी काहीतरी भयंकर बघायची तयारी केली होती. त्या म्हणाल्या, पोर्टमध्ये नेहमी सापडतात ते कातडीवरचे स्टॅफिलोकॉकस. पण अधूनमधून ओक्रोबॅक्ट्रम, स्टेनोट्रोफोमोनास असली पाण्या-मातीतली मंडळी येतात. एका जातीचे ठिपके तर चक्क गुलाबी असतात, रोझोमोनास. निरोगी माणसाला ते सहसा काही करत नाहीत. त्यांना रक्तात शिरायला रस्ता लागतो आणि बसायला प्लॅस्टिक लागतं. माझ्याकडे दोन्ही होतं. फॉर्च्युइटम हे नाव १९३८ साली दा कोस्टा क्रुझ यांनी दिलं, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ अवचित, योगायोगाने आलेला. बायको एवढंच म्हणाली, "योगायोग कसला? फिल्टर."

खरं तर तेही सिद्ध झालेलं नाही. बोअरच्या पाण्याचा नमुना कुणी तपासला नाही. डॉक्टर म्हणाले, फवाऱ्यातून आला असेल, आंघोळीतून, सुई टोचताना, काहीही. आता शोधून उपयोग नाही. घरात मात्र निकाल लागलेला आहे.

पोर्ट काढावाच लागेल, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी घासाघीस केली. काही जंतू असे असतात की पोर्टमध्ये तीव्र अँटिबायोटिक भरून तासन्‌तास तसंच ठेवतात आणि पोर्ट वाचवायचा प्रयत्न करतात. कुलूप लावणं म्हणतात त्याला. मी म्हटलं, तसं करा. माझ्या अजून सात कीमो बाकी आहेत. डॉक्टरांनी कागदावर नळी काढली आणि आतून एक थर रेघाटला. हे जंतू नळीच्या आतल्या भिंतीला चिकटतात, स्वतःभोवती चिकट पदार्थ सोडतात, आणि त्या चिकट्याखाली वसाहत करून बसतात. बायोफिल्म. औषध वरून वाहून जातं, खालचे जिवंतच. फॉर्च्युइटमच्या बाबतीत नळी ठेवून औषध देत राहिलं की औषध थांबताच पुन्हा तेच.

मला पुढे सांगायची गरज नव्हती. लॅटरलमध्ये, म्हणजे ड्रिपरच्या बारीक नळ्यांत, क्षार बसले तर आम्ल सोडतो, शेवाळ असेल तर क्लोरीन सोडतो, टोकाची बुचं उघडून झटका देतो. वरवरचं निघतं. पण एखादी जुनी नळी ब्लेडने उभी चिरून आत अंगठा फिरवून बघा. तपकिरी, बुळबुळीत, नखाने खरवडलं तर निघतं, पाण्याने नाही. अशा लाइनला कुणी कितीही औषध सुचवलं तरी शेवटी ती काढून गुंडाळावीच लागते. मी म्हटलं, काढा.

जागा बधिर करून काढला. अर्धा तास लागला असेल. दुखलं नाही, पण कुणीतरी छातीतून दोरी ओढतंय हे कळत होतं. काढल्यावर मी बघायला मागितला. डबी, आणि त्याला लटकलेली पांढरी, पातळ नळी. स्वच्छ. धुतलेल्या तांदळासारखी. मी दोनदा विचारलं, हीच का? मला अंगठ्याला बुळबुळीत लागेल असं काहीतरी दिसायला पाहिजे होतं. इथे तर काहीच नाही, आणि मी त्यापायी तीनदा मरणाची थंडी सोसली. नळीचं टोक कापून लॅबला गेलं. चार दिवसांनी त्यावरही तोच आला.

त्यानंतरचं कंटाळवाणं आहे, पण दोन गोष्टी सांगतो. औषधं दोन. अमिकासिनचं रोजचं इंजेक्शन, ते चोपड्याला एका दवाखान्यात हाताच्या शिरेतून, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या. कोणतं औषध लागू पडेल हे लॅबने त्या जंतूवरच तपासून सांगितलं होतं. अमिकासिन मूत्रपिंडाला आणि कानाला त्रास देऊ शकतं, म्हणून आधी कानांची तपासणी आणि दर आठवड्याला क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडासाठी रक्ताची तपासणी. आधी उंच, बारीक आवाज जातात म्हणे. मग मी रोज सकाळी मळ्यात जाऊन एअर व्हॉल्व्हची शिट्टी ऐकू येते का ते बघायचो. मोटर सुरू झाली की तो बारीक फिस्स करतो. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी ऐकूच येईना. पोटात गोळा आला. नव्या सालदाराला विचारलं, तुला येतोय का आवाज? तो म्हणाला, भाऊ, मोटर कुठे चालू आहे, लाइट गेलीय.

सिप्रोची अट अशी की दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, यांच्यासोबत घ्यायची नाही, नाहीतर ती पोटातच अडकते, रक्तात उतरत नाही. आमच्याकडे सकाळची पहिली गोष्ट म्हणजे दुधाचा चहा. पहिले चार दिवस मी गोळी चहासोबतच गिळत होतो. कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. मेडिकलवाल्या पोराच्या लक्षात आलं म्हणून बरं. पुढे गोळी पहाटे मोटर लावायला उठायचो तेव्हा साध्या पाण्याबरोबर, चहा दोन तासांनी. वहीत तीही नोंद आहे.

सगळी मिळून सहा आठवडे औषधं चालली. तोवर कीमो बंद. खरी भीती तिथे होती, जंतूची नव्हती. रात्री पडल्या पडल्या वाटायचं, हा पाहुणा जाईपर्यंत मूळ मालक परत आला तर? त्यावर डॉक्टरांपाशीही पक्कं उत्तर नव्हतं. त्यांनी तसं सरळ सांगितलं, ते मला आवडलं. नंतर दोन वेळा रक्ताचं कल्चर केलं, बाटल्या नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवल्या. एकही वाजली नाही. नवा पोर्ट घ्यायचा का यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी उरलेली कीमो कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांवर काढली. तळपाय भाजल्यासारखे लाल झाले, पण अंगात नळी नाही याचं सुख मोठं होतं. खर्चाचं विचारू नका. अर्ध्या बागेचे घड त्यात गेले, आणि भाव पडलेला होता हे वेगळं.

मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाची केळी, लावायच्या आधी जुन्या लॅटरल काढल्या. फिल्टरच्या झाकणापाशी बायकोने स्वतः मार्करने लिहून ठेवलंय: "आधी दाब सोडा." अक्षर मोठं, खाली दोन रेघा.

छातीवर आता दोन बोटांएवढी रेघ आहे. माय अजून कधी कधी त्यावरून हात फिरवते आणि विचारते, "मशीन काढी टाकं ना पुरं?" मी हो म्हणतो.

परवा धुळ्याचे मेहुणे आले होते, तेच ग्रुपवर डॉट्सचं सांगणारे. बायकोने ट्रेमधून पाणी आणलं. त्यांनी ग्लास उचलून तोंडाला लावला तेव्हा बुडाचा नेलपॉलिशचा ठिपका मला समोर दिसला, अर्धा निघालेला. बायकोनेही बघितला. त्यांनी पाणी संपवलं, वर आणखी अर्धा ग्लास मागितलं. तिने त्याच ग्लासात ओतून दिलं.